आधी घरटं शोधा, मग जाळी ठोका: सशांपासून परसबाग वाचवताना

मेच्या सुरुवातीला पेरलेली मेथी बाराव्या दिवशी चार बोटं वर आली होती. तेराव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेले, तर वाफ्यात नुसत्या दांड्या. एका कडेने सुरुवात करून ओळीने खात गेल्यासारखं, शेवटची वीतभर जागा तेवढी हिरवी. बाबा त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. साताऱ्याकडे त्यांची आयुष्यभराची शेती. ते वाफ्याशी उकिडवे बसले, एक दांडी चिमटीत धरली आणि म्हणाले, "अगं, हे बघ, तिरकं कापलंय. विळ्यानं कापावं तसं. हे हरणाचं काम नाही."

त्या उन्हाळ्यात मी तिखट भुरभुरलं, लसणाचं पाणी फवारलं, न्हाव्याकडून केस आणून टाकले आणि मेथी तीनदा पेरली. चौथ्यांदा पेरायच्या आधी जाळी लावली. त्याला आता आठ वर्षं झाली. या काळात आसपासच्या बऱ्याच मराठी घरांच्या बागांना जाळी लावायला मी मदत केली आहे, आणि सगळीकडे एकच गोष्ट दिसली. जाळी किती उंच हवी हे प्रत्येकजण विचारतो. जमिनीशी ती कशी बसवायची हे कोणी विचारत नाही. ससा मात्र वरून उडी मारून येत नाही, खालून शिरतो. म्हणून खालची सहा-आठ इंचं नीट झाली की तीन-चतुर्थांश काम झालं असं समजा. आणि हे सगळं सशाच्या केसालाही धक्का न लावता होतं.

कोण खातंय ते आधी ठरवा

जाळी, फवारा, खर्च या सगळ्याच्या आधी हे काम. सशाला वर आणि खाली दोन्हीकडे धारदार पुढचे दात असतात, त्यामुळे देठ तिरका आणि स्वच्छ कापला जातो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडतं, म्हणून टोक फाटलेलं, तंतू लोंबणारं दिसतं. नुकसान दोन फुटांच्या वर असेल तर बहुधा हरीणच. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तरी त्याचं तोंड साधारण दोन फुटांपर्यंतच पोहोचतं.

ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारा खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी, हा तिसरा गडी. तो एका बैठकीत अख्खं झाड साफ करतो, आणि कुंपणाजवळ किंवा शेडखाली त्याच्या बिळाचं मोठं तोंड आणि उकरलेली माती दिसते. त्याला जाळीवर चढता येतं आणि खोल खणताही येतं, म्हणून खाली सांगितलेली जाळी त्याच्यापुढे टिकणार नाही. पानांना मधेच भोकं असतील आणि चकचकीत ओघळ दिसत असेल तर ती गोगलगाय.

खात्री करायची असेल तर लेंड्या बघा. सशाच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल, सुटसुटीत असतात. वाळल्यावर बोटांत चुरडल्या तर आतून गवताचा भुसा निघतो. हातमोजे घालूनच चुरडा. तरी शंका राहिली तर संध्याकाळी दिवे लागणीला आणि पहाटे खिडकीशी उभे राहा. याच दोन वेळा तो चरायला येतो.

हा ससा आणि आपल्याकडचा ससा

मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, पण प्राणी वेगळे आहेत. आपल्या शेतात, माळावर दिसतो तो लांब पायांचा, मानेवर काळा डाग असलेला ससा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. अमेरिकेच्या पूर्व भागात अंगणात येतो तो ईस्टर्न कॉटनटेल. वजन किलो-सव्वा किलो, रंग करडा-तपकिरी, आणि पळताना शेपटीची खालची बाजू कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी चमकते. याची पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी आणि उघडी असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

कॉटनटेल स्वतः बीळ खणत नाही. झुडपाखाली, लाकडांच्या ढिगाखाली, डेकच्या खाली, दुसऱ्या कोणी सोडलेल्या बिळात तो आसरा घेतो. मादी साधारण २८ दिवसांत विते आणि वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा विते, एका वेळी चार-पाच पिल्लं. त्यातली बहुतेक कोल्हे, ससाणे, घुबडं आणि मांजरं यांच्या तोंडी जातात. म्हणूनच "एक ससा हटवला की प्रश्न मिटला" हा हिशेब कधीच जमत नाही. तुमचा वाफा उघडा असेल तर जागा रिकामी राहत नाही, पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. बदल वाफ्यात करायचा आहे.

महाराष्ट्रात हरभऱ्याच्या किंवा भाजीच्या तुकड्यात ससा येत असेल तर जाळीची रीत तीच चालते, उंची मात्र थोडी जास्त घ्या, कारण तो लांब उड्या मारणारा आहे. आणि तिथे तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. फासे लावणं, पकडणं हा गुन्हा आहे. बाबांच्या लहानपणी वाफ्याभोवती बोराटीच्या फांद्या दाबून लावत. बुंधे बाहेर आणि काटे जमिनीलगत एकमेकांत गुंतलेले. तेव्हाही सगळं लक्ष तळाकडेच होतं.

पहिलं पाऊल: घरटं

जाळी लावण्याआधी, गवत कापण्याआधी, वाफा खणण्याआधी हे करा. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दर वेळी.

कॉटनटेलचं घरटं म्हणजे जमिनीतला ओंजळभर खळगा. मादी त्यात सुकं गवत आणि स्वतःच्या पोटावरचे केस उपटून घालते, वरून पुन्हा गवताचं झाकण. उघड्या लॉनच्या मधोमध, कुत्रा फिरतो त्या अंगणात, वाफ्यातल्या मल्चमध्ये (मातीवर पसरलेल्या पालापाचोळ्याच्या थरात), कुठेही ते असू शकतं. उभ्यानं बघितलं तर गवताचा तळहाताएवढा वाळका डाग वाटतो. एका एप्रिलमध्ये मी मोवर सुरू करून दोन पट्टे मारले होते आणि तिसऱ्या पट्ट्यात असाच डाग पुढे आला. काहीतरी वेगळं वाटलं म्हणून यंत्र बंद केलं. काडीने वरचं गवत बाजूला केलं तर आत राखाडी केसांची गादी, आणि ती गादी श्वास घेत होती. चार पिल्लं, प्रत्येक अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, डोळे मिटलेले, एकमेकांत घुसून झोपलेली. मोवरचं पातं तिथून दोन हातांवर होतं. तेव्हापासून मी लॉन कापण्याआधी आडव्या-उभ्या रांगांनी चालत जाते. पाव एकराच्या अंगणाला दहा मिनिटं लागतात.

घरटं सापडलं तर काय करायचं, ते नीट सांगते, कारण इथे चांगल्या मनाची माणसंच सगळ्यात जास्त चुकतात.

आई जवळ दिसत नाही, म्हणजे तिने पिल्लं टाकून दिली असं नाही. ती मुद्दाम दूर राहते, म्हणजे शिकाऱ्याला घरट्याचा पत्ता लागत नाही. पहाटे आणि संध्याकाळी येऊन काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. पिल्लं उचलून घरात आणली, दूध पाजायला गेलात, तर ती बहुधा मरतात. जागच्या जागी ठेवा.

घरटं चुकून उघडं झालं असेल तर पिल्लं परत त्याच खळग्यात ठेवा आणि तेच गवत, तेच केस वरून घाला. माणसाचा हात लागला म्हणून आई त्यांना टाकत नाही. हातमोजे घालायचे ते आपल्यासाठी. मग खळग्यावर दोरे किंवा बारीक काड्या फुलीसारख्या आडव्या-उभ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हललेल्या दिसल्या तर आई येऊन गेली. चोवीस तास काहीच हललं नाही, किंवा पिल्लू जखमी आहे, थंडगार पडलंय, मांजराने तोंडात धरलं होतं, असं असेल तर वन्यप्राण्यांची काळजी घेण्याचा परवाना असलेल्या पुनर्वसन केंद्राला फोन करा. प्रत्येक राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते.

घरात कुत्रा असेल तर त्याला दोन-तीन आठवडे पट्ट्यावरच बाहेर काढा. ते जमत नसेल तर दिवसा घरट्यावर कपड्यांची जाळीदार टोपली उपडी घालून वर वीट ठेवा, आणि संध्याकाळ व्हायच्या आधी न चुकता काढा. टोपली रात्रभर राहिली तर पिल्लं उपाशी राहतील.

आणि घरटं नेमकं वाफ्यातच असेल? मग थांबा. आठवडाभरात डोळे उघडतात, दोन-तीन आठवड्यांत पिल्लं घरटं सोडतात. मुठीएवढं, कान ताठ, डोळे उघडे असं पिल्लू एकटं फिरताना दिसलं तर ते हरवलेलं नाही, स्वतंत्र झालेलं आहे. तेवढ्या तीन आठवड्यांत कुंडीतली रोपं वाढवा, खांब ठोकून ठेवा, जाळीची एक बाजू मात्र उघडी सोडा. आईचा रस्ता बंद करून पिल्लं आत अडकवली तर त्या कुंपणाला दयाळू म्हणता येणार नाही.

दुसरं पाऊल: जाळी

आता मुख्य काम. हिशेबासाठी बारा फूट बाय आठ फुटांचा वाफा धरते, म्हणजे घेर चाळीस फूट.

लागणारं सामान असं: षटकोनी भोकांची गॅल्व्हनाइज्ड चिकन वायर, भोक एक इंच, रुंदी ३६ इंच, लांबी ५० फूट. चार फुटांच्या लाकडी खुंट्या किंवा लोखंडी खांब अकरा. सहा इंचांच्या यू आकाराच्या पिना, ज्यांना दुकानात लँडस्केप स्टेपल म्हणतात, पन्नास-साठ. तार कापायची कात्री, पक्कड, बांधायची तार किंवा स्टेपल गन, जड हातोडा, जाड चामड्याचे हातमोजे. चिकन वायरची कापलेली टोकं सुईसारखी असतात, हातमोज्यांत कंजुषी करू नका.

भोक दोन इंचांचं घेऊ नका. स्वस्त पडतं, मोठा ससा अडतोही, पण लहान पिल्लू त्यातून आरपार जातं आणि खाऊन फुगलं की अर्ध्यात अडकू शकतं. एक इंच किंवा त्याहून बारीक. प्लॅस्टिकची जाळी ससा चावून भोक पाडतो, तीही नको.

खांब ठोकायच्या आधी ८११ वर फोन करा. ही अमेरिकेतली मोफत सेवा आहे. गॅस, वीज, केबल जमिनीखालून कुठून गेलंय ते लोक येऊन रंगाने खुणावून जातात. कामाच्या तीन-चार दिवस आधी कळवा. तुमच्या वस्तीला होमओनर्स असोसिएशन असेल तर कुंपणाचे नियमही तेव्हाच बघून घ्या.

खुंट्या दर चार फुटांवर येतील: बारा फुटांच्या बाजूला तीन गाळे, आठ फुटांच्या बाजूला दोन. अशा दहा, आणि फाटकासाठी एक जास्तीची. खुंटी दीड फूट जमिनीत गेली पाहिजे, वर अडीच फूट उरते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ठोका, निम्मे कष्ट वाचतात.

आता जाळी. तिला जमिनीवर सरळ पसरा आणि एका लांब कडेने आठ इंचांवर फळी ठेवून काटकोनात दुमडा. या दुमडलेल्या भागाला बाबांनी पहिल्याच दिवशी 'पदर' म्हटलं, आणि आमच्याकडे तोच शब्द राहिला. उभा भाग २८ इंच, पदर आठ इंच. पदर बाहेरच्या बाजूला, जमिनीवर सपाट पसरायचा. याचं कारण सशाच्या सवयीत आहे. तो चालत जाळीपर्यंत येतो, नाक लावतो आणि जाळी जिथे जमिनीला टेकते तिथेच उकरायला लागतो. तिथे पायाखाली पदर असेल तर पंजा तारेवर घासतो. आठ इंच मागे सरकून तिथून खणायला सुरुवात करावी, हे त्याला सुचत नाही. पदर आतल्या बाजूला घेतला तर त्याचा काही उपयोग नाही, आणि ही चूक मी निदान चार घरी बघितली आहे.

उभी जाळी खुंटीच्या बाहेरच्या बाजूने बांधा, म्हणजे ढकलली तरी खुंटीवर टेकते. पदरावर दर फुटाला एक पिन, जमिनीत पूर्ण दाबून. वरून दोन बोटं मल्च किंवा माती घाला. महिनाभरात गवत त्यातून वर येतं आणि पदर दिसेनासा होतो. तिथे मोवर चालवायचा तर पातं वर उचलून घ्या. पिन वर आली असेल तर ती पात्यात सापडते. मी त्या पट्ट्यात हाताने कापते.

पदर करण्याऐवजी सहा इंच चर खणून जाळी पुरली तरी चालतं. दोन्ही करून बघितलं आहे. न्यू जर्सीच्या चिकण मातीत चाळीस फूट चर खणणं म्हणजे दोन दिवस, पदर म्हणजे एक दुपार. मी पदरच सांगेन.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. कोपरा. पदर बाहेर दुमडला की कोपऱ्यात काय होतं ते कागदावर करून बघा. दोन्ही बाजूंचे पदर कोपऱ्यापाशी संपतात आणि मधे आठ इंचांचा चौकोन उघडा राहतो. पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षातच आलं नाही. तीन आठवडे वाफा सुरक्षित होता, मग एके दिवशी घेवड्याचे कोंब गेले. सगळी जाळी हाताने चाचपत फिरले. ईशान्येच्या कोपऱ्यात, खुंटीला लागून, चहाच्या बशीएवढा खळगा होता आणि तारेच्या टोकाला करड्या केसांचा झुपका अडकलेला होता. चारही कोपऱ्यांना दहा-बारा इंचांचा जाळीचा वेगळा तुकडा वरून घालून दोन्ही पदरांना तारेने शिवून टाकला, आणि त्यानंतर तिथून काही आलं नाही. हे तुकडे पहिल्याच दिवशी कापून ठेवा. पन्नास फुटांच्या गुंडाळीतून ते सहज निघतात.

फाटकाचं तत्त्व तेच. लाकडी चौकट करून तिला जाळी ठोका, पण खाली फट एक इंचापेक्षा कमी. जमीन खालीवर असते, म्हणून फाटकाखाली उंबरा करा: एक सपाट फरशी किंवा जाड फळी जमिनीत बसवलेली, जिच्यावर फाटक टेकेल. कडी आपोआप लागणारी घ्या. भाजी हातात असताना माणूस पायाने फाटक लोटतो आणि ते उघडंच राहतं.

शेवटची बाजू बंद करण्याआधी आत एक चक्कर मारा. भोपळ्याच्या पानांखाली ससा दबून बसलेला असेल तर त्याला बाहेर जाऊ द्या. जाळीत कोंडलेला ससा घाबरून तारेवर डोकं आपटत राहतो.

उंचीबद्दल एवढंच: कॉटनटेलला दोन फूट पुरतात, आपण २८ इंच ठेवले आहेत. बर्फ साचला की ही उंची कमी होते, पण तेव्हा वाफ्यात काही नसतं. हरणासाठी मात्र आठ फूट लागतात, तो विषय निराळा.

पेरलं त्या दिवसापासून झाकण

जाळी लावायला जागा नसेल, भाड्याचं घर असेल, किंवा एकच छोटा वाफा असेल तर रो-कव्हर नावाचं पातळ पांढरं कापड मिळतं. त्यातून ऊन आणि पाणी जातं. प्लॅस्टिकच्या लवचीक नळीच्या कमानी दर तीन फुटांवर रोवा, वर कापड टाका, आणि कडा विटांनी किंवा मातीने सलग दाबा. इथेही कडाच महत्त्वाच्या. कोपऱ्यांवर चार विटा ठेवून भागत नाही, मधली फट ससा नाकाने उचलतो.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांना हे झाकण काढणीपर्यंत चालतं. काकडी, दुधी, कारली यांना फुलं आली की काढावं लागतं, नाहीतर मधमाश्या आत जाणार नाहीत आणि फळ धरणार नाही. तोवर वेल मोठा झालेला असतो, ससा त्याच्या वाट्याला फारसा जात नाही. पक्ष्यांसाठी मिळणारी सैल, काळी प्लॅस्टिकची जाळी वापरू नका. तिच्यात साप आणि पक्षी गुरफटून मरतात.

काय आत लावायचं, काय बाहेर

जाळीतली जागा थोडी असते, ती कोणाला द्यायची हे ठरवावं लागतं. माझ्या अनुभवात सशाला सगळ्यात प्रिय म्हणजे घेवडा, चवळी, वाटाणा यांचे कोवळे कोंब. त्याखालोखाल मेथी, लेट्यूस, पालक, बीट, गाजराचा पाला, ब्रोकोलीची रोपं. कोथिंबीर काही वर्षी सोडतो, काही वर्षी मुळापासून नेतो. हे सगळं आत.

कांदा, लसूण, पुदिना, ओवा, रोझमेरी बाहेर राहू शकतात. लसूण मी ऑक्टोबरमध्ये उघड्या वाफ्यात लावते, जुलैत काढते, आठ वर्षांत एक पात गेलेली नाही. टोमॅटो, बटाटा, वांगी यांच्या पानांना तो सहसा तोंड लावत नाही, पण टोमॅटोचं कोवळं रोप चव बघण्यासाठीच कापून टाकतो. रोप फूटभर होईपर्यंत त्याभोवती जाळीचं नळकांडं ठेवा. मिरचीलाही तसंच.

झेंडूचं कुंपण लावलं की ससे येत नाहीत, असं इथे प्रत्येक बागवाला सांगतो. मी दसऱ्यासाठी दर वर्षी झेंडू लावते आणि त्याची कोवळी रोपं सशाने खाल्लेली स्वतः पाहिली आहेत. झेंडू जरूर लावा, तोरणासाठी लावा, पण त्याच्या भरवशावर घेवडा उघडा टाकू नका.

तिखट, डांबराच्या गोळ्या, फवारे

डांबराच्या गोळ्यांबद्दल आधी, कारण आपल्या घरांत त्या हाताशी असतात. त्या बागेत टाकू नका. ते कीटकनाशक आहे, बंद कपाटासाठी बनवलेलं. लेबलवर सांगितलेल्या जागेबाहेर वापरणं अमेरिकेत बेकायदा आहे, माती आणि पाणी दूषित होतं, आणि लहान मूल त्याला गोळी समजून तोंडात घालू शकतं. सशावर परिणाम जवळपास शून्य.

लाल तिखट पहिल्या पावसात किंवा पहिल्या पाण्यात धुऊन जातं. जाण्याआधी ते वाऱ्याने उडून प्राण्यांच्या आणि आपल्याही डोळ्यांत जातं. मी आता टाकत नाही. केस, साबणाच्या वड्या, प्लॅस्टिकचं घुबड यांचा परिणाम दोन-चार दिवस दिसला तर दिसला.

नासलेल्या अंड्याच्या अर्कापासून केलेले तयार फवारे खरोखर उपयोगी पडतात, पण ते फुलझाडांसाठी आणि शोभेच्या झुडपांसाठी. लेबलवर खाण्याच्या भाजीसाठी चालेल असं लिहिलेलं नसेल तर पालेभाजीवर मारू नका. ट्यूलिप वर येताना, होस्टाची पानं उलगडताना मारा. नवी पानं आली की आणि जोराचा पाऊस झाला की पुन्हा. हालचाल दिसताच पाण्याचा फवारा सोडणारी यंत्रं मिळतात, तीही निरुपद्रवी आहेत आणि चालतात, फक्त दर काही दिवसांनी त्यांची जागा बदलावी लागते, नाहीतर ससा त्यांना सरावतो.

अंगणातला आसरा

वाफ्याला लागून उंच गवत, फांद्यांचा ढीग, लाकडाची रास असेल तर सशाला दोन उड्यांत लपता येतं, आणि तो निर्धास्त चरतो. वाफ्याभोवतीचे दहा-पंधरा फूट मोकळे ठेवा. सगळं अंगण भुंडं करायची गरज नाही; ढीग कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवला तरी पुरे. लॉनमधलं क्लोव्हर मी मुद्दाम ठेवते. सशाला ते फार आवडतं, आणि जिथे पोटभर क्लोव्हर मिळतं तिथे जाळीशी झटापट करायची वेळ त्याच्यावर येत नाही.

डेकखालची जागा बंद करायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, पिल्लांचा मोसम संपल्यावर. तरीही आधी तोंडाशी पिठाची पातळ रांगोळी टाकून दोन रात्री पावलं बघा. बाहेर जाणारी पावलं दिसली आणि नंतर काही उमटलं नाही की मगच जाळी ठोका.

पकडून लांब सोडणं

पिंजरा लावून ससा पकडायचा आणि गाडीने उद्यानात सोडून यायचं, हे ऐकायला दयाळू वाटतं. तसं नाही. अनोळखी जागी त्याला ना लपायची जागा माहीत, ना पाणी. पकडल्याच्या धास्तीनेही ससा मरू शकतो. उन्हाळ्यात पकडलेली मादी मागे आंधळी पिल्लं सोडून आलेली असू शकते. शिवाय न्यू जर्सीसह अनेक राज्यांत परवानगीशिवाय जंगली प्राणी हलवणं बेकायदा आहे. सशाला उघड्या हाताने धरूही नका: टुलारेमिया नावाचा आजार सशांकडून आणि गोचिडींकडून माणसाला होतो. मेलेला ससा सापडला तर हातमोजे आणि फावडं. बागेतून घरात आल्यावर गोचीड बघायची सवय तर इथे सगळ्यांनाच हवी.

हिवाळ्याची तयारी

भाजी संपली म्हणजे काम संपलं असं नाही. गवत बर्फाखाली गेलं की ससा कोवळ्या झाडांची साल खातो. सफरचंद, प्लम, ब्लूबेरी, गुलाब ही त्याची आवडती. खोडाभोवती पूर्ण कडं करून साल खाल्ली गेली तर वरचं झाड वाळतं, मग कितीही खत घाला.

नोव्हेंबरमध्ये प्रत्येक कोवळ्या खोडाभोवती पाव इंच चौकोनी भोकांच्या कडक जाळीचं नळकांडं बसवा. या जाळीला इथे हार्डवेअर क्लॉथ म्हणतात. नळकांडं खोडापासून दोन-तीन इंच दूर, तळ दोन इंच मातीत. उंची मोजताना बर्फ धरून मोजा: जेवढा बर्फ साचतो त्याच्या वर दीड-दोन फूट. बर्फ म्हणजे सशाला पायरी मिळते, हे विसरून केलेली नळकांडी जानेवारीत कमी पडतात. वादळानंतर खोडाशी साचलेला बर्फ पायाने दाबून खाली करा. एप्रिलमध्ये नळकांडी सोडून बघा, खोड जाड होऊन तारेला घासत असेल तर सैल करा.

वाफ्याची जाळी मार्चच्या शेवटी तपासायची. गोठून-वितळून पिना वर येतात, खुंट्या कलतात, फाटकाखालची फरशी एका बाजूला खचते. बाबा आता फारसे येत नाहीत, गुडघ्यांना प्रवास झेपत नाही. पण मार्चमध्ये त्यांचा फोन आला की तब्येतीचं बोलणं झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोपऱ्यातले तुकडे बघितलेस का?" मग फोन कानाला धरूनच मी मागच्या दाराने बाहेर जाते, एकेक कोपरा पायाने दाबून बघते आणि कुठला हलतोय ते त्यांना सांगते.